‘फिनिशिंग नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी ते संक्रांत हा बचत गटांच्या प्रदर्शनांचा हंगाम. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस ही मोठी नावं झाली. त्याखाली तालुक्याच्या गावी, शाळेच्या पटांगणात, मंगल कार्यालयात अशी कितीतरी प्रदर्शनं भरतात. पापड-लोणच्यांच्या रांगेत गोधडीचा एक तरी स्टॉल असतो आणि अलीकडे गोधडीच्या स्पर्धाही घेतात. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले आणि परीक्षक आले की शेरे आले. गोधडीवरचे शेरे तीन-चारच, ठरलेले: ‘छान’, ‘अजून सफाई हवी’, ‘जरा मॉडर्न करा’ आणि सगळ्यांचा लाडका, ‘फिनिशिंग नाही’.

हे पत्र मुख्यतः या शेवटच्या शेऱ्याबद्दल आहे.

गोधडीच्या बाबतीत ‘फिनिशिंग नाही’ याचे निदान आठ अर्थ होऊ शकतात. कड नागमोडी गेली. कोपरे गोळा झाले. गाठी वर दिसतात. टाका खालच्या थरापर्यंत पोचलेला नाही. मधोमध पोट आलंय. कापडाचा जोड उठून दिसतो. दोऱ्याची टोकं लोंबतात. किंवा नुसते कच्चे टाके काढायचे राहिलेत. यातला शेवटचा दोष कात्री घेतली की पाच मिनिटांत जातो. पोट आलेली गोधडी सरळ करायची तर दोन दिवस उसवण्यात जातात. दोन्हींना एकच शब्द वापरला तर शिवणारीने काय समजायचं? ती पुढच्या वेळी आपल्या समजुतीप्रमाणे ‘फिनिशिंग’ करते, म्हणजे चारी बाजूंनी सॅटिनची लेस लावते. ती लेस पहिल्या धुण्यात आक्रसते आणि मग खरोखरच कड बिघडते.

नेमकं बोलायचं तर गोधडीत काय काय असतं ते आधी माहीत हवं. साधी सिंगल गोधडी घेऊ: पाच फूट रुंद, सात फूट लांब, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. वरची साडी, खालची साडी आणि मध्ये जुन्या सुती कापडाचे दोन ते चार थर. साडीचा पन्हा ४४ ते ४६ इंच असतो, त्यामुळे ६० इंचाला जोड येणारच, त्याला आपण दंड म्हणतो. सहा थरांची गोधडी साधारण दीड किलो भरते. धावदोऱ्याच्या ओळी पाऊण इंचावर घेतल्या तर एकूण शिवण होते ६,७२० इंच, म्हणजे १७० मीटर. टाका वर-खाली जातो, गाठींना टोकं लागतात, म्हणून दोरा २०० मीटरच्या आसपास लागतो. इंचात तीन टाके धरले तर २०,१६० टाके. मिनिटाला तीन इंच शिवण झाली, हा वेग चांगलाच म्हणायचा, तरी ३७ तास होतात. यात सुई ओवणं, गाठ मारणं, गोधडी फिरवून घेणं, कापडं धुणं, थर पसरणं काहीच धरलेलं नाही.

आता त्या पोटाकडे येऊ, कारण गोधडीतला सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत कमी समजून घेतलेला दोष हाच आहे. आपल्याकडे पुष्कळ जणी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत येतात. प्रत्येक फेरीला सुई वरचं कापड किंचित पुढे ढकलते, म्हणजे आतल्या बाजूला. ६० इंचाच्या गोधडीत पाऊण इंच अंतराने मध्यापर्यंत जायला ४० फेऱ्या लागतात. दर फेरीला नुसता एक मिलिमीटर झोळ आत सरकला, तर एका बाजूने चार सेंटिमीटर आणि दोन्ही बाजू मिळून आठ सेंटिमीटर कापड मधोमध जास्तीचं जमतं. त्याला जायला जागा नसते, ते फुगतं. म्हणजे दोष मध्ये दिसतो, पण तो पेरला जातो कडेच्या पहिल्या फेऱ्यांत, आणि खरं म्हणजे त्याही आधी, थर पसरतानाच. थर एकावर एक घालताना प्रत्येक थर मधून बाहेर हाताने सारून घ्यावा लागतो. मग वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घालावे लागतात. हे काम कंटाळवाणं असतं. नुसत्या चार कडा टाचून भागवलं की पोट ठरलेलं.

परीक्षकाने इथे काय म्हणावं? ‘मधे फुगलंय’ हे तर शिवणारीलाही दिसतं. उपयोगाचं वाक्य असं असेल: ‘मधल्या दीड फुटात वरचं कापड जास्त झालंय. कच्चे टाके किती अंतरावर घातले होते?’ तिने ‘हातभर’ सांगितलं तर कारण तिथेच सापडलं. आणि ही गोधडी आता कशी सुधारायची तेही सांगता येतं. मधल्या आठ-दहा फेऱ्या उसवायच्या, जास्तीचं कापड एका चुणीत धरून सपाट दाबायचं, वरून त्याला झाकेल एवढं ठिगळाचं फूल बसवायचं आणि पुन्हा शिवायचं. मध्यभागी फूल असलेल्या प्रत्येक गोधडीखाली अशी चुणी असते असं नाही, पण काहींच्या खाली असते.

दुसरी गोष्ट, गोधडी उलटी केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये. वरून ओळी सुरेख दिसतात आणि मागे टाके गायब असतात, असं पुष्कळदा होतं. थर जास्त झाले की सुई उभी जात नाही, तिरकी जाते. मग मागच्या बाजूला टाका तांदळाच्या कणीएवढा येतो किंवा शेवटचा थर सुटतोच. तपासायची रीत सोपी आहे. कुठलीही एक ओळ धरा, तिच्यावर वीतभर, म्हणजे नऊ इंच अंतर घ्या. इंचात तीन टाके असतील तर समोर २७ दिसतील. त्याच ओळीवर मागेही साधारण तेवढेच दिसायला हवेत. मागचे आकाराने लहान असले तरी चालतील, संख्येने कमी नकोत. मागे १५-१६ च मोजले गेले तर उरलेल्या ठिकाणी खालचा थर सुटा आहे. धुताना ओलं वजन त्या सुट्या जागेवर येतं आणि अस्तर तिथेच फाटतं. ही मोजणी दोन मिनिटांचं काम आहे आणि कडेला, मध्ये व कोपऱ्याजवळ अशी तीन ठिकाणी केली म्हणजे पुरे. मध्ये टाके सुटलेले आणि कडेला नीट असतील तर ती हाताच्या पोचीची अडचण असते, हयगय नव्हे: गोधडी जमिनीवर पसरून वाकून शिवताना मधल्या भागाखाली दुसरा हात जात नाही. अशा वेळी बाजूची गुंडाळी करून मांडीवर घेऊन शिवायला सुचवावं.

दोऱ्याबद्दल आमचं मत जरा ठाम आहे. जुन्या मऊ साड्यांच्या गोधडीला सुतीच दोरा हवा. पॉलिस्टरचा दोरा स्वस्त पडतो, तुटत नाही, रंग भरपूर मिळतात, म्हणून तो सर्रास वापरतात. पण दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण बसल्यावर दोरा शाबूत राहतो आणि कापड चिरतं. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. टाक्याच्या भोकापासून चिरलेल्या साडीला ठिगळाखेरीज उपाय नाही. ओढही महत्त्वाची. चार-पाच टाके सुईवर घेऊन दोरा ओढला की बोटाने ती ओळ मागे सारून घ्यायची असते. ते राहिलं की ओळ आखडते, कापडाच्या बारीक चुण्या पडतात आणि कोपरा वर वळतो. जमिनीवर पसरलेल्या गोधडीचे चारी कोपरे आपोआप वर उचललेले दिसले तर दोष बहुतेक दोऱ्याच्या ओढीत असतो, कोपऱ्याच्या घडीत नसतो. परीक्षक मात्र कोपऱ्याला बोल लावून मोकळे होतात.

जुन्या कापडाची निवड हा आणखी एक भाग. साडी बसण्याच्या जागी विरते, पदराकडे आणि निऱ्यांच्या आतल्या बाजूला बरी राहते. वरच्या थरासाठी कापड घेण्याआधी ते उजेडात धरून पाहावं आणि दोन अंगठ्यांच्या मध्ये ताणावं. चर्र आवाज आला तर ते आतल्या थरात घालावं. गोधडी सहा महिन्यांत वरून फाटली, अशी तक्रार येते तेव्हा टाके बहुधा जागच्या जागी असतात, साडीच आधीपासून संपलेली असते.

नवं आणि जुनं कापड एकत्र आलं की वेगळाच घोळ होतो. हल्ली गिऱ्हाइकाला वर नवं कापड हवं असतं आणि आत जुन्या साड्या चालतात. जुनी साडी शंभरदा धुतलेली, तिला आक्रसायचं तेवढं ती आक्रसून बसली आहे. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आक्रसतं. मग आतले थर मोठे, वरचं कापड लहान आणि गोधडीभर गाठोडी. विकताना ही गोधडी सुंदर, सपाट दिसते. दोष गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्याला उघडा पडतो आणि शिवणारीला कधी कळतही नाही. म्हणून ज्यांनी गोधडी विकत घेतली त्यांचा अभिप्राय परीक्षकांपेक्षाही मोलाचा असतो. नवं कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच कापायचं, एवढं सांगितलं तरी पुढच्या दहा गोधड्या वाचतात. सुतीत सिंथेटिक साडी मिसळली तरी हेच, फक्त उलट्या बाजूने.

रंग जाण्याबद्दल तर कोणी सबब सांगूच नये. लाल, तपकिरी, गर्द निळा या रंगांवर ओला पांढरा रुमाल दहा वेळा दाबून घासावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड गोधडीत घालायच्या आधी पुन्हा पुन्हा धुवावं, पाणी निवळ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो यावर पुष्कळांचा विश्वास आहे. आजकालच्या रंगांबाबत तो धरून चालू नये. पाणी निवळ येतच नसेल तर ते कापड दुसऱ्या कशाला तरी वापरावं.

कडांबद्दल थोडक्यात. कडेला अर्धा ते पाऊण इंच माया आत दुमडलेली हवी. पाव इंचच असेल तर दोन धुण्यांत धागे सुटून बाहेर येतात. कोपऱ्यात आतल्या थरांचं टोक तिरकं कापून कमी केलं नाही तर तिथे बारा पदरांचा गोळा होतो आणि सुई मोडते. आतल्या थरांचे दंड एकाखाली एक आले तर गोधडीभर उंच वरंबा उठतो; ते चार-चार इंच मागे-पुढे ठेवायचे. गाठ थरांच्या मध्ये ओढून घ्यायची आणि दोरा संपवताना दोन उलटे टाके घालायचे. बाळाच्या दुपट्यात तर वर राहिलेली एक गाठही मोठा दोष आहे, कारण ती नाजूक कातडीला टोचते. तसंच जरीच्या काठाचं. मोठ्यांच्या गोधडीत पायथ्याशी आलेला जरीकाठ शोभतो, दुपट्यात तो काढलाच पाहिजे, कितीही सुंदर असला तरी.

इतके दोष सांगितल्यावर आता दोष नसलेल्या गोष्टी सांगायला हव्यात, कारण अन्याय जास्त तिथेच होतो. ओळ थोडी हलली, हा दोष नाही. पट्टीने आखल्यासारखी ओळ हवी असेल तर मशीनची रजई मिळते. टाक्यांच्या लांबीत गव्हाच्या दाण्याएवढा फरक असला, तोही दोष नाही. पण ओळ शेजारच्या ओळीला जाऊन भिडली किंवा दोन ओळींत तीन बोटांची फट पडली तर आहे, कारण तिथे आतलं कापड सरकतं. मध्येच दोऱ्याचा रंग बदलला, रीळ संपलं असेल, यात गोधडीच्या टिकण्याला काही बाधा नाही. ठिगळ हा तर दोष नाहीच. पहिल्या धुण्यानंतर गोधडीवर एकसारख्या बारीक सुरकुत्या येतात, ती तिची मऊ होण्याची सुरुवात असते. त्यावर इस्त्री फिरवणाऱ्यांना हात जोडावेत.

आणि एक नेहमीचा गोंधळ: दुसऱ्या प्रांताचं माप आपल्या गोधडीला लावणं. बंगालच्या कांथामध्ये धावदोऱ्यानेच चित्र काढलेलं असतं. तिथे टाका बारीक, दाट हवा, कारण टाका म्हणजेच रेघ. आपल्या गोधडीत टाक्याचं पहिलं काम थर बांधून ठेवण्याचं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेले रंगीत तिकोनी तुकडे असतात, जाड, उठावदार. आपल्याकडच्या एखाद्या परीक्षकाने ‘कोपरे सपाट नाहीत’ म्हणून तिचे गुण कापले तर चूक कवंदीची नसेल.

पाहणाऱ्याची आवड आणि वस्तूतला दोष या दोन गोष्टी बोलताना वेगळ्या ठेवता आल्या तर अर्धं भांडण मिटेल. पोपटीशेजारी राणी रंग एखाद्याला भडक वाटेल. वाटू दे. त्याने ‘मला भडक वाटतो’ म्हणावं, ‘रंगसंगती चुकली’ म्हणू नये. रंगाबद्दल बोलायचंच असेल तर नजरेला पटेल असं कारण द्यावं: ‘सगळे गर्द तुकडे एका बाजूला गेल्यामुळे गोधडी डावीकडे जड दिसते, दोन तुकडे उजवीकडे हवे होते.’ हे शिवणारीला पुढच्या वेळी करता येतं. ‘जरा मॉडर्न करा, पिंटरेस्टवर बघा’ यातून तिने काय करायचं ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बहुतेकदा त्याचा अर्थ ‘फिकट राखाडी करा’ असा निघतो.

शेरा लिहिण्यापूर्वी शिवणारीला तीन गोष्टी विचाराव्यात: ही कोणासाठी आहे, कापड कोणाचं होतं आणि माप कोणी ठरवलं. गिऱ्हाइकाने आजीच्या विरलेल्या लुगड्याचीच गोधडी करून मागितली असेल, तर वरचं कापड कमकुवत आहे हा दोष तिच्या पदरात टाकता येत नाही. तिने त्यावर ओळी दाट घेऊन ते लुगडं धरून ठेवलं का, एवढंच पाहायचं. मग जागा दाखवायची, बोट ठेवून. मग कारण, शक्यतो प्रश्नाच्या रूपात, कारण आपला अंदाज चुकू शकतो. मग याच गोधडीत काय करता येईल आणि पुढच्या वेळी काय करायचं. हे सगळं गिऱ्हाईक समोर उभं असताना बोलायचं नाही. स्टॉलवर चार माणसं गोधडी हातात घेऊन पाहत असताना ‘ताई, कड उसवतेय बघा’ म्हणणाऱ्याने सल्ला दिला नाही, तिची विक्री मोडली.

नमुन्यादाखल एक शेरा लिहून दाखवतो, एका गोधडीपुरता. ‘ओळी पाऊण इंचावर, शेवटपर्यंत सारख्या. दुरंगी दोरा शोभतो. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरात मागच्या बाजूला टाके सुटले आहेत, नऊ इंचांत ११ मोजले. तिथे आतल्या दोन थरांचे दंड एकत्र आले आहेत. ही जागा पुन्हा मागून शिवून घ्यावी, तासाभराचं काम. पुढच्या वेळी दंड मागे-पुढे ठेवावेत.’ सहा वाक्यं झाली. पहिल्या दोन वाक्यांतलं कौतुकही नेमकं आहे, म्हणजे तिला काय बदलायचं नाही हेही कळतं. वाईट सांगायच्या आधी साखर म्हणून घातलेलं ‘खूपच सुंदर, पण’ शिवणाऱ्या बायका लगेच ओळखतात आणि त्या ‘पण’ची वाट पाहत उभ्या राहतात.

स्पर्धेच्या गुणपत्रिकेतही बदल हवा. बऱ्याच ठिकाणी ‘सौंदर्य’, ‘कल्पकता’, ‘सादरीकरण’ असे रकाने असतात आणि शिवणीला स्वतंत्र रकानाच नसतो. आमची सूचना पन्नास गुणांची: टाका, दोन्ही बाजूंनी, १५, थरांचा सपाटपणा १०, कडा, कोपरे, गाठी १०, कापडाची निवड आणि रंग न जाणं ५, रंगांचा मेळ १०. प्रत्येक रकान्यापुढे एक ओळ लिहायला जागा हवी आणि ती पत्रिका शिवणारीच्या हातात द्यायला हवी. आज ती फायलीत जाते. मशीनवर शिवलेल्या गोधड्या याच गटात मिसळू देऊ नयेत. ओळखायला अवघड नाही: धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये मोकळी जागा दिसते, मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सलग असते. ठिगळांचं छापील कापड असेल तर नखाने तुकड्याची कड चाचपून पाहावी, जोडच नसतो.

टीकेच्या नावाखाली चालणारी घासाघीस हा वेगळा विषय आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘इथे टाका वाकडा आहे, दोनशे कमी करा.’ गोधडी २,२०० रुपयांना असेल, त्यात दोरा, अस्तर, धुणं मिळून ३५० गेले, तर ३७ तासांना १,८५० रुपये, म्हणजे ताशी ५० रुपये उरतात. दोनशे कमी केले की ४५ सुद्धा उरत नाहीत. भाव परवडत नसेल तर ‘मला परवडत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. वाकडा टाका मध्ये आणू नये. त्याने होतं असं की शिवणारीला खऱ्या टीकेतही घासाघीसच ऐकू येऊ लागते आणि ती कान बंद करते.

अर्थात कान बंद करण्याची दुसरी तऱ्हाही आहे आणि ती आम्हा शिवणाऱ्यांची आहे. ‘हातचं काम आहे, थोडं इकडंतिकडं व्हायचंच.’ ओळ हलल्याबद्दल हे उत्तर ठीक आहे. रंग गेला, गाठ टोचली, टाके सुटले, माप सांगितल्यापेक्षा चार इंच कमी भरलं, याला हे उत्तर नाही. मापाबद्दल तर मुद्दाम लिहायला हवं: शिवण भरत जाते तशी गोधडी सर्व बाजूंनी आत येते, दोन-तीन इंच सहज. म्हणून थर पसरतानाच तेवढे जास्त धरायचे असतात. गिऱ्हाइकाने टेप लावून दाखवला तर तो नाठाळ ठरत नाही.

बाकीच्या हस्तकलांनाही हीच रीत लागू पडेल, फक्त बोट ठेवायची जागा वेगळी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या चपलेला ‘कडक आहे’ म्हणून नावं ठेवतात; झाडपाल्याच्या कमावणीचं कातडं सुरुवातीला कडक असणारच, तेल आणि पाय लागले की ते मऊ पडतं. पण पट्टा चुकीच्या जागी बसल्यामुळे पायाची एकच बाजू सोलवटत असेल, तर तो बेतण्यातला दोष आहे आणि तो कारागिराला सांगितलाच पाहिजे. हातमागाच्या पैठणीचाही पदर उलटून पाहावा, तिथली नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी हवी. याहून अधिक त्या त्या कामातल्या जाणत्यांनी लिहावं.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं आहे. प्रदर्शनांच्या बातम्यांसोबत दांडीवर टांगलेल्या गोधड्यांचे रंगीत फोटो आपण छापता, ते सुरेख असतात. या हंगामात बक्षीस मिळालेल्या एका गोधडीचा फोटो मागच्या बाजूने घ्यायला आपल्या छायाचित्रकाराला सांगावं. जवळून, एखादी वीत भरेल एवढाच, टाके मोजता येतील असा.

कळावे,
गोधडी शिवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या काही जणी,
सातारा